जनीच्या टाचेतली परांची

मी एक जुनं प्रथिन आहे. जुनं म्हणजे गेल्या आठवड्यातलं. हसू नका, मित्रांनो. आमच्यात एवढं वय झालं की बाकीचे वाट सोडून बाजूला होतात.

माझा मुक्काम जनी नावाच्या बाईच्या उजव्या टाचेत, कातडीच्या एका पेशीत आहे. पेणच्या अलीकडे जिते स्टेशनावर उतरून खाडीचा वास येईल त्या दिशेनं चालत राहिलात, तर तिचं गाव लागेल. साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. टाच सतत जमिनीला टेकलेली असल्यामुळे गावातलं सगळं मला कळतं. कान नसताना मी कसं ऐकतो, हे कृपया विचारू नये. फाटक्या छत्र्या आणि शाळेच्या घंटा वर्षानुवर्षं आपली कहाणी सांगत आल्या आहेत. त्यांना कोणी कान दाखवायला सांगितलं नाही.

माझा जन्म साधाच. पेशीच्या मध्यभागी केंद्रक असतं, तिथे आम्हा सगळ्यांचा मजकूर जपून ठेवलेला असतो. माझ्या मजकुराची नक्कल बाहेर आली आणि रायबोसोम नावाच्या कारागिरानं ती वाचत वाचत एकेक अमिनो आम्ल ओवलं. पेणला गणपती साच्यातून निघतात, तसा मी निघालो नाही. मी आधी नुसता एक लांब दोरा होतो. मग वळत, दुमडत, स्वतःलाच मिठी मारत गेलो. शेजारची वडीलधारी प्रथिनं धरून धरून सांगत होती, असं नाही, असं वळ. शेवटी माझी जी घडी बसली ती धुऊन पिळलेल्या आणि वाळत घालायला विसरलेल्या धोतरासारखी होती. अंगावर तीन खोबण्या राहिल्या. मला वाटलं, माझ्यात खोट आहे.

आजूबाजूला सगळे कामाला लागलेले होते. कोणी साखर मोडत होतं, कोणी ओझी वाहत होतं, कोणी तुटकं सांधत होतं. मी विचारलं, "मी काय करू?"

उत्तर आलं, "उभा राहा."

मी उभा राहिलो. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "आणि?"

"आणि काय? उभा राहा."

मित्रांनो, हे ऐकून कोणालाही वाईट वाटेल. मलाही वाटलं. पण काम काय आहे ते हळूहळू उमगत गेलं. पेशीच्या भिंतीवर बाहेरचा निरोप येतो. समजा निरोप आला, "जखम झाली आहे, वाढा." तो केंद्रकापर्यंत पोचवायला तीन जण लागतात. शास्त्रज्ञ त्यांना रॅफ, मेक आणि एर्क म्हणतात. निरोप आल्यावर रॅफ जागा होतो आणि मेकला फॉस्फेटच्या टिकल्या लावतो. टिकल्या लागल्या की मेक जागा होतो आणि एर्कला लावतो. मग एर्क केंद्रकात जाऊन सांगतो, उठा. तिघंही हुशार आहेत, पण पेशीत गर्दी इतकी की रॅफ टिकल्या घेऊन हिंडतो आणि मेक भलतीकडेच तरंगत असतो. म्हणून मी उभा राहतो. एका खोबणीत रॅफ, दुसरीत मेक, तिसरीत एर्क. हाताला हात पोचतो. मी टिकली लावत नाही, निरोप वाचत नाही, कुठे जातही नाही. शास्त्रज्ञांनी आम्हाला परांचीचं नाव दिलंय, इमारतीला बाहेरून बांबू बांधतात ती परांची. तेही आत्ता आत्ता, याच दशकात, दूरदेशीच्या प्रयोगशाळांत. त्याआधी पुस्तकांत रॅफ असे, मेक असे, एर्क असे, आणि मधे नुसते बाण असत. त्या बाणांच्या जागी आम्ही होतो.

आता माझी मालकीण. तिचंही तसंच.

खाडीलगतची भातशेती बांधामागे असते. बांध मातीचा. बाहेर खारं पाणी, आत भात. बांधाला भोक पडलं की घरटी एकानं धावायचं, ही इथली जुनी रीत. तिला जोळ म्हणतात. ओहोटीला खाडीतला काळा चिकट चिखल फावड्यानं कापायचा, त्याचे गोळे हातोहात ओळीनं पुढे द्यायचे आणि भोकावर थापायचे. ओळ जिथे वळते तिथे जनी उभी राहायची. चिखलाला हात लावायची नाही. याचं कोपर धरून दोन पावलं अलीकडे ओढायची, त्याला पलीकडे ढकलायची, आणि एवढंच म्हणायची, "जवल उभा ऱ्हा रं, हात पोचला पायजे."

वळणाच्या अलीकडे दाजी आणि पलीकडे सखा, हे ठरलेलं. दाजी म्हणजे जोळ बोलावणारा म्हातारा आणि सखा त्याचा चुलतभाऊ. दोघांइतका भक्कम पाय चिखलात दुसऱ्या कोणाचा नव्हता, पण एका बदकावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. बदक कधीच मरून गेलं, अबोला मात्र चांगला पोसला होता. जनी मधे उभी असली की दाजी तिच्याकडे बघत गोळा द्यायचा आणि सखा तिच्याकडे बघत घ्यायचा. बांध भरायचा. घरी जाताना लोक म्हणायचे, "जनीचा बरा हाय. नुसती उभी."

भाद्रपदात गौरी-गणपती खाडीत पोचवायला जनी पाण्यात उतरली आणि कालवाच्या शिंपल्यानं तिची टाच चिरली. त्याच वेळी, त्याच चिरेच्या कडेला, माझा जन्म झाला. माझ्यासाठी हा आनंदाचा प्रसंग होता, पण तसं बोलून दाखवायची सोय नव्हती.

पेणच्या डॉक्टरांनी टाच बघितली आणि सांगितलं, जखम भरेपर्यंत चिखलात पाय घालायचा नाही. दुसऱ्याच दिवशी दाजी बांधावरून आला आणि ओटीवर बसला.

"मोठ्या वळणापाशी खेकड्यांनी बांध पोखरलाय," तो म्हणाला. "पुनवेचा उधान यील तवा तितंच फुटंल."

शेतात राता पोटरीत आला होता, कणीस बाहेर पडायच्या बेतात. राता म्हणजे खाऱ्या मातीतलं तांबडं भात. त्यालाही थोडंच खारं चालतं. अख्खी खाडी नाही. पाणी आत शिरलं असतं तर यंदाचं पीक गेलंच असतं, आणि जमीन पुढचे दोन-तीन पावसाळे रुसून बसली असती. पुनव आठवड्याच्या आत होती.

"जने, तू बस गो घरी," दाजी म्हणाला. "उभा ऱ्हायला काय, कोनी पन ऱ्हाईल."

मित्रांनो, गावाची चूक झाली ती या वाक्यापाशी.

बातमी फिरली की जोळीत उभं राहायचं काम मोकळं आहे. दर वर्षी चिखलात कंबर मोडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ही एकच जागा होती. पाहुणेही गणपतीला आलेले. दाजीनं ओहोटी बघून जोळ बोलावली, तेव्हा बांधावर अकरा जण उभे राहायला आले. जनीचा भाचा कान्हू रोह्याच्या एका केमिकल कंपनीत होता. तो रात्रपाळी करून सकाळच्या गाडीनं थेट आला, डोक्यावर पिवळं हेल्मेट, गळ्यात शिटी.

"मी सुपरवायझरचा काम रोज बघतो," तो म्हणाला. "उभा ऱ्हायचा मना चांगला जमतो."

"माजे गुडघे दुखतान," बायजाबाई म्हणाली. ही गावातली सगळ्यात बोलकी म्हातारी. "मना बसवत नाय, वाकवत नाय. मना उभीच करा."

दाजीला नाही म्हणता येईना. चिखल कापायला दोघे उरले. एकानं गोळा काढून दिला, तर घेणाऱ्याला तीन जण तिन्हीकडून सांगत होते, जवळ उभा राहा. दाजीला वेगळे लोक धरून होते, सख्याला वेगळे. दाजीच्या हातात गोळा होता आणि त्याच्यापुढे उभं राहणाऱ्यांची भिंत. त्यांच्यातल्या एकालाही चिखल नको होता. कान्हूनं शिटी वाजवली. गोळा दाजीच्या हातातच वाळायला लागला. भरती आली, सगळे घरी गेले. जेवताना सगळे म्हणाले, पाय फार दुखले.

हे मी तुच्छतेनं सांगत नाही. कारण त्याच दिवशी आमच्या पेशीत हेच चाललं होतं.

जखम मोठी, निरोपावर निरोप येत होते. पेशी घाबरली आणि तिनं माझ्यासारखे आणखी काढायला सुरुवात केली. रॅफ, मेक, एर्क होते तेवढेच. परांच्या मात्र रोज नव्या. एका परांचीनं रॅफला धरलं, दुसरीनं मेकला, तिसरीनं एर्कला. प्रत्येकाला मानानं उभं केलेलं, प्रत्येकाच्या शेजारच्या दोन खोबण्या रिकाम्या. रॅफच्या हातात टिकल्या आणि समोर कोणी नाही. माझ्याकडे नुसता एक मेक होता. तो सारखा विचारायचा, "आपण कोणाची वाट बघतोय?" मी त्याला म्हणायचो, "तू आधी नीट बस." दुसरं काही म्हणता येत नव्हतं. आम्ही जितके वाढत गेलो तितका निरोप मंद होत गेला. कडेच्या पेशी सरकायच्या थांबल्या.

जनीची सून मैना रोज पट्टी सोडून बघायची. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "आये, काल व्हती तितकीच हाय गो. उघडीच."

बांधावर काय झालं ते जनीला कळलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "अकरा जना उभे व्हते?"

"व्हय."

"मंग चिखल काय सोताच्या पायानं चालत येनार व्हता?" आणि ती पाय तक्क्यावर ठेवून हसली. मग दाराकडे बघत बसली. दारातून शेत दिसतं.

पेशी आमच्यापेक्षा शहाणी निघाली. तिनं नवे काढायचं थांबवलं आणि जास्तीच्यांच्या पाठीला चिठ्ठ्या लावायला घेतल्या. ही चिठ्ठी म्हणजे युबिक्विटिन नावाचं एक चिमुकलं प्रथिन. ते एकामागोमाग एक असं साखळीनं चिकटलं की तुम्ही पेशीतल्या गिरणीत जाता आणि तिथे तुमचे सुटे तुकडे होतात. माझ्या डावीकडचा गेला. उजवीकडचा गेला. तो जाताना म्हणाला, मी तर नुकताच आलोय. ते खरं होतं. मी का उरलो, मला माहीत नाही. त्याच वेळी कुठून तरी एक रॅफ तरंगत माझ्याकडे आला, पाठोपाठ एर्क आला, आणि माझ्या तिन्ही खोबण्या भरल्या. मेक म्हणाला, "अच्छा, यांची."

मग निरोप पळाला. टिकल्या, टिकल्या, एर्क केंद्रकाकडे. परत आला, पुन्हा टिकल्या. कडेच्या पेशी एकमेकींना धरून रांगत पुढे निघाल्या, मागच्या दुप्पट झाल्या. आणि एके दिवशी समोरून कोणीतरी येताना दिसलं. जखमेची पलीकडची कड. दोन्ही कडा भेटल्या. कोणी हार आणला नव्हता. त्या नुसत्या एकमेकींना चिकटल्या.

अनंत चतुर्दशीला उरलेले गणपती गेले आणि दुसऱ्या दिवशी पुनव. सकाळी ओहोटी होती. दुपारच्या भरतीच्या आत भोक बुजवायचं होतं. मैनानं पट्टी सोडली. टाचेवर गुलाबी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी आली होती. जनी उठली.

"आये, डॉक्टर काय बोलला?"

"भरंपातुर जाऊ नको बोलला. भरली."

"कालच भरली गो ती!"

"मंग कालच जाया पायजे व्हतं," जनी म्हणाली आणि पायरीशी आली.

तिथे कान्हू होता, रात्रपाळीवरून तसाच आलेला, पायात कंपनीचे गमबूट. मैनानं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं न विचारता उजवा बूट काढून दिला. मैनानं टाचेवर स्वच्छ फडकं गुंडाळलं, त्यावर दुधाची धुतलेली पिशवी बांधली आणि वर तो बूट. जनी बांधाकडे निघाली, उजव्या पायात बूट, डावा अनवाणी. मागून कान्हू, डाव्या पायात बूट, उजवा अनवाणी. दोघं मिळून एक व्यवस्थित माणूस दिसत होता.

बांधावर पुन्हा तेच उभे, कान्हू धरून अकरा. जनीनं एकेकाचं कोपर धरलं आणि ओळीत नेऊन सोडलं. पाहुण्यांना चिखल कापायला. बायजाबाईला भोकाच्या कडेला वीतभर उंच दगडावर बसवलं, म्हणाली, "हितनं हातानं थापा." बायजाबाई म्हणाली, "मना बसवत नाय," आणि बसली. कान्हूच्या गळ्यातली शिटी काढून त्याच्याच खिशात घातली.

"आते, शिटीनं ताल येतो."

"शिटी तोंडात असली का हात हलत नाय, बाला."

मग ती वळणावर जाऊन उभी राहिली. एका बाजूला दाजी, एका बाजूला सखा. दाजीनं तिच्याकडे बघत गोळा दिला, सख्यानं तिच्याकडे बघत घेतला. ओळ चालू झाली.

आता माझ्याकडची बाजू ऐका. ओळ जनीनं धरलेली. जनीला टाचेनं धरलेलं. टाचेचा नवा पापुद्रा आम्ही धरलेला. तिचं अख्खं वजन, वरून बूट, खालून चिखलाची ओढ. पापुद्रा ताणला गेला आणि चारी बाजूंनी निरोप आले, फाटतंय, सांधा, फाटतंय. रॅफला उसंत नव्हती. मेकनं एकदाही काही विचारलं नाही. मी काय केलं? मित्रांनो, मी जे करतो तेच.

पाणी चढायला लागलं. काल खाडीत सोडलेल्या फुलांचा आणि दूर्वांचा तवंग लाटेबरोबर बांधाकडे येत होता. भोकाची जागा निम्म्यावर आली, मग वर आली, पण मधोमध एक ओला डाग घाम आल्यासारखा पसरत होता. आतल्या अंगाला, राताच्या बाजूला, पाण्याची एक बारीक धार सुटली.

"जने, बाजूला हो गो, पानी तुज्या बुटात चाललाय!" कोणीतरी ओरडलं.

ती बाजूला झाली असती तर दाजीसमोर सखा आला असता. ती हलली नाही. बुटात पाणी शिरलं, खारं. पिशवीतून आत आलं, फडक्यातून आत आलं. आम्हा सगळ्यांना झोंबलं. जनीनं कान्हूचं कोपर धरून अलीकडे ओढलं. "जवल. हात पोचला पायजे."

गोळे जात राहिले. बायजाबाई दोन्ही हातांनी थापत होती, तोंडानं खेकड्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. धार बारीक झाली. मग थेंब झाले. मग नुसता ओला डाग राहिला, आणि तोही तेवढाच राहिला. बाहेर पाणी बांधाच्या माथ्याखाली हातभर येऊन टेकलं. फुलांचा तवंग बांधाला लागून थबकला. सगळे त्या फुलांकडे बघत होते. एक झेंडू जागच्या जागी फिरला. मग तो हळूच, कोणाच्या लक्षात येईल न येईल असा, खाडीच्या दिशेनं निघाला.

"पानी फिरला," सखा म्हणाला. आणि म्हणाला ते दाजीला.

दाजीनं हातातला गोळा खाली ठेवला. "दिसला मना," तो म्हणाला.

बदकाचा विषय निघाला नाही.

जनी बांधावर बसली, बूट काढून उपडा केला. त्यातून खाडी निघाली आणि एक छोटा खेकडा. मैनानं पिशवी सोडली, फडकं सोडलं, टाच हातात घेऊन उन्हात धरली. कडेला थोडं लाल झालं होतं. मधली रेघ मात्र मिटलेली होती.

कान्हू एका बुटात तसाच उभा होता. त्याचे हात कोपरापर्यंत काळे झालेले. "आते," तो म्हणाला, "खरा सांग. तू काय केलास?"

"उभी व्हते."

कान्हूनं हातांचा चिखल निपटला. मग म्हणाला, "जमत नाय सगल्यांना."

"नाय," जनी म्हणाली. "बूट घे तुजा."

ही झाली माझी कहाणी. आता टाचेला निरोप कमी येतात. रॅफ अधूनमधून डुलक्या घेतो. मेक आणि एर्क दुसरीकडे जाऊन येतात आणि काल तर एर्क यायचा विसरला. इमारत उभी राहिली की परांची उतरवतात, हे आमच्याकडेही आहे. आज सकाळी माझ्या पाठीला पहिली चिठ्ठी लागली, दुपारी आणखी तीन. मी तक्रार करत नाही. गिरणीत माझी अमिनो आम्लं सुटी होतील आणि उद्या कोणा नव्या प्रथिनात ओवली जातील. कदाचित ते साखर मोडेल, ओझी वाहील, काहीतरी दिसण्यासारखं करेल. मला त्याचा अभिमान वाटेल, जर वाटायला मी असलो तर.

जाता जाता एक विनंती. तुमच्या घरात, वर्गात, वाडीत असं कोणीतरी असेल जे नुसतं उभं दिसतं. त्याला बाजूला सारू नका. ते काय करतं हे कळलं नाही, तर एक दिवस थांबून बघा, त्याच्या अलीकडे कोण आहे आणि पलीकडे कोण. त्याच्या पायाला लागलं, तर धुऊन पट्टी बांधा आणि भरायला वेळ द्या. आत आम्ही कामाला लागलेले असतो. आणि त्याची जागा भरायला कृपा करून सगळे एकदम धावू नका.

मी आता गिरणीच्या ओळीत आहे. ओळ लांब आहे आणि मघापासून हललेली नाही, कारण पुढचे चौघे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून उभे आहेत. सवय जात नाही. मी एकाचं कोपर धरलंय.

जरा जवळ उभे राहा, मित्रांनो. हात पोचला पाहिजे.